मागच्या डिस्क ब्रेकची हवा घरी काढतोय, बुडबुडे थांबले तरी पेडल मऊच

जांबोटी_रस्ता

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची, दोनशे सीसीच्या आसपासची, मागं डिस्क, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न मागं डिस्क असलेल्या कुठल्याही गाडीला पडू शकतो असं मला वाटतं.

मागच्या ब्रेकचा रबरी पाइप बाहेरून तडकला होता, म्हणून नवीन आणून घरीच बदलला. दोन्ही टोकांना नवीन तांब्याचे वॉशर घातले. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, बाटली सीलबंद होती. त्यानंतर नेहमीच्या पद्धतीनं हवा काढली. धाकटा भाऊ पेडल दाबून धरतो, मी आठच्या रिंग पान्यानं निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) पाव फेरा सोडतो, ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत येतं, निपल बंद करतो आणि मगच तो पेडल सोडतो. सुरुवातीला भरपूर बुडबुडे आले. आता नळीत एकही बुडबुडा दिसत नाही, ऑइल स्वच्छ येतंय. तरी पहिल्या दाबाला पेडल खाली जातं. भरभर मारलं की वर येतं आणि कडक लागतं. जरा थांबलं की पुन्हा मऊ.

गळती नाही. सगळ्या सांध्यांना कोरडा कागद लावून बघितला. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल काम चालू असताना एकदाही खालच्या रेघेखाली जाऊ दिलेलं नाही.

मला कामासाठी चोर्ला घाटातून साखळीला ये-जा करावी लागते. मागचा ब्रेक असा ठेवून तो घाट उतरायची माझी तयारी नाही. काय राहिलं असेल?

निपाणी_हायवे

भरभर मारल्यावर वर येतंय म्हणजे आत हवा आहेच, दादा. रात्री पेडल दाबून बांधून ठेवा. सायकलची जुनी ट्यूब घ्या, पेडलला आणि फूटरेस्टला आवळून बांधा, सकाळी सोडा. आमच्या इकडं सगळे असंच करतात आणि फरक पडतो.

उद्यमबाग_फिटर

जांबोटी दादा, पद्धत तुमची बरोबर आहे, त्यात खोट नाही. आधी गाडीकडं बघून तीन गोष्टी सांगा, मग पुढचं बोलू.

पहिली, कॅलिपर (डिस्कला पॅडनं आवळणारा भाग) स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांडीच्या, वर आहे की खाली, आणि निपल कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी आहे का. दुसरी, नवीन पाइप मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) कसा जातो. मध्ये कमान होऊन वर चढतो का. तिसरी, पेडल हातानं दाबून बघा. पुशरॉड (पेडलनं पिस्टन ढकलणारा दांडा) पिस्टनला टेकायच्या आधी थोडी ढिलाई लागते का?

तिसरी गोष्ट बरेच जण सोडून देतात, म्हणून सविस्तर लिहितो. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडं उघडणारं एक बारीक भोक असतं. पेडल मोकळं असताना ते उघडं राहतं, पेडल दाबलं की पिस्टनचा रबर कप त्याच्या पुढं सरकतो आणि मग दाब तयार होतो. पेडल उंच हवं म्हणून कुणी पुशरॉडचा नट आवळून ढिलाई संपवली, तर ते भोक कायमचं झाकलं जातं. मग आतली हवा टाकीत येऊ शकत नाही, आणि ब्रेक तापल्यावर फुगलेलं ऑइलही परत जाऊ शकत नाही. चाक हळूहळू धरायला लागतं. घाटात हे झालं तर डिस्क निळी पडेपर्यंत तापते. पेडलची उंची बदलली असेल तर हवा काढण्याआधी ढिलाई बघायची, हा क्रम मी कधी मोडत नाही.

जांबोटी_रस्ता

बघितलं. ढिलाई आहे, थोडी पण स्पष्ट लागते. कॅलिपर स्विंगआर्मच्या खाली आहे. निपल मागच्या बाजूला तोंड करून, जवळजवळ आडवं. कॅलिपरचा पुढचा वरचा कोपरा निपलपेक्षा बोटभर उंच आहे. पाइप मास्टर सिलिंडरच्या डोक्यावरून निघतो, वर चढून कमान करतो, स्विंगआर्मच्या आतल्या बाजूनं मागं जातो आणि शेवटी खाली उतरतो.

उद्यमबाग_फिटर

मग उत्तर इथंच आहे.

हवा हलकी, ती ऑइलमध्ये नेहमी वर जाते. तुमच्या गाडीत ती अडकायच्या तीन जागा आहेत: मास्टर सिलिंडरच्या डोक्यावरचा बँजो बोल्ट (पाइपाचं टोक धरणारा पोकळ बोल्ट), पाइपाची कमान, आणि कॅलिपरचा तो वरचा कोपरा. पेडल मारून आपण ऑइल वरून खाली ढकलतो, म्हणजे हवेला तिच्या मर्जीविरुद्ध खाली न्यायला बघतो.

आता हिशोब बघा. मागच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन साधारण १२ ते १४ मि.मी. व्यासाचा, त्याची चाल दहा मि.मी.च्या आसपास. म्हणजे एका पूर्ण दाबात जेमतेम एक ते दीड मिलिलिटर ऑइल सरकतं. पाइपाचं आतलं भोक तीन मि.मी.पेक्षा किंचित मोठं. एक मिलिलिटर ऑइल अशा पाइपात साधारण १२ सें.मी. लांबी व्यापतं. तुमचा पाइप अर्ध्या मीटरच्या पुढं असेल. एका दाबात बुडबुडा इतका सरकला, मग निपल बंद, पेडल सोड, भाऊ परत दाबायला तयार होईपर्यंत बुडबुडा आपला कमानीकडं चढायला लागलेला. तुम्हाला नळीत स्वच्छ ऑइल दिसतं, कारण ऑइल बुडबुड्याच्या कडेनं निघून येतं. हवा आहे तिथंच.

शेतात मोटरीपासून उंचवट्यावरून पाइपलाइन नेली की उंच जागी हवा धरते आणि मोटर चालूनही पाणी पुढं जात नाही. म्हणून तिथं एअर व्हॉल्व्ह बसवतात. तसंच आहे हे, फक्त इथं व्हॉल्व्ह उंच जागी नाही, खाली आहे.

उपाय दोन, आणि तुमच्या गाडीला दोन्ही लागतील.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, पाइप सोडू नका. कॅलिपर डिस्कवरून बाहेर घ्या आणि पॅडच्या मध्ये डिस्कएवढ्या जाडीची लाकडी पट्टी घाला. पट्टी नसताना पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येईल आणि काम वाढेल. आता कॅलिपर फिरवून निपल आकाशाकडं करा. पाइपाला पीळ पडू देऊ नका. प्लास्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं कॅलिपरला हलके ठोके द्या, कोपऱ्यातले बुडबुडे सुटतात.

मग उलटी पद्धत. मेडिकलमधून ५० मिलिलिटरची सिरिंज आणि माशांच्या टाकीच्या दुकानातून पारदर्शक नळी आणा. टाकीतलं ऑइल अर्ध्याखाली काढून घ्या, नाहीतर वरून सांडेल. सिरिंजमध्ये नवीन ऑइल भरून नळीच्या टोकापर्यंत आणा, नळीत हवा राहता कामा नये. नळी निपलला घट्ट बसवा, निपल सोडा आणि सावकाश दाबा. ऑइल खालून वर चढतं आणि हवेला तिच्याच वाटेनं टाकीत नेऊन सोडतं. या वेळी पेडलला कुणीही हात किंवा पाय लावायचा नाही. दाबलं की ते बारीक भोक बंद होतं आणि तुम्ही ढकललेलं ऑइल नळी उडवून बाहेर येतं. टाकी भरत आली की थांबा, निपल बंद करा, मग नळी काढा. वरचं जास्तीचं ऑइल दुसऱ्या सिरिंजनं ओढून घ्या.

एवढ्यानंतरही थोडं मऊ लागलं तर बँजो बोल्टकडं वळा. फडकं गुंडाळा, भावाला पेडल दाबून धरायला सांगा, बोल्ट अगदी थोडा सैल करा. फुसकन हवा आणि ऑइल येईल, लगेच आवळा, मग पेडल सोड. हा क्रम चुकला तर हवा परत आत जाते.

निपाणीकर, तुमच्या बांधण्याच्या उपायाबद्दल: तो खोटा नाही, पण तो शेवटचा हात फिरवायला आहे. पेडल बांधलेलं असताना टाकीचं भोक बंदच असतं, म्हणजे रात्रभर हवा टाकीत जात नाही. दाबाखाली बुडबुडे लहान होतात, भिंतीला चिकटलेले सुटतात, काही ऑइलमध्ये विरतात, आणि सकाळी पेडल सोडल्यावर वर निघून येतात. मास्टर सिलिंडरजवळच्या बारीक बुडबुड्यांना हे लागू पडतं. खाली कॅलिपरच्या कोपऱ्यात बसलेल्या हवेला नाही.

निपाणी_हायवे

कारण पटलं. आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांना कॅलिपर वर असतो आणि निपल उंच जागी, म्हणून आम्हाला बांधून भागत असेल.

वडगावची

एकटीनं करणाऱ्यांसाठी लिहिते. माझ्या गाडीचं ब्रेक ऑइल मी स्वतः बदलते, आणि प्रत्येक वेळी पेडल दाबायला माणूस मिळत नाही. मागच्या ब्रेकला एक सोय आहे: पेडल आणि निपल एकाच माणसाच्या हातांच्या टप्प्यात येतात. गाडी सेंटर स्टँडवर, मी उजव्या बाजूला बसलेली, डाव्या हातात पाना, उजव्या हातानं पेडल. हात अवघडतो, पण जमतं.

मदतीला कुणी असेल तर आधी शब्द ठरवून घ्या. आमच्या शेजारचा मुलगा कन्नड बोलतो, त्याला मी ‘ओत्तु’, ‘हिडी’, ‘बिडु’ एवढंच सांगते. ‘हिडी’ म्हटल्यावर पाय तसाच धरून ठेवायचा, मी बिडु म्हणेपर्यंत. खरा घोळ इथंच होतो: निपल उघडल्यावर पेडल एकदम खाली जातं, माणूस दचकतो आणि पाय उचलतो. उघड्या निपलमधून हवा आत. म्हणून आधीच सांगून ठेवायचं की पेडल खाली जाणार आहे, पाय उचलायचा नाही.

आणि रंगाचं बघा. ब्रेक ऑइल रंग खातं. साइड पॅनल काढून ठेवा, पेट्रोलच्या टाकीवर आणि स्विंगआर्मवर ओलं फडकं टाका. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. ते पाण्यात मिसळतं आणि धुऊन जातं.

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाचे स्क्रू मऊ असतात. नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, वरून दाब देऊन फिरवा. आणि झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची धूळ पुसा. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळीकडं बारीक धूळ असते, तिचा एक कण त्या भोकात गेला तर नवीन त्रास.

हुक्केरी_ऊस

विषय निघालाच आहे तर विचारतो. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल घरात बॅरलभर असतं. मागच्या ब्रेकची टाकी कमी झाली तर तेच घातलं तर चालतं का? गावात एक-दोघे घालतात.

उद्यमबाग_फिटर

नाही. एक थेंबही नाही.

मोटारसायकलच्या ब्रेकमधले रबर कप आणि सील ग्लायकॉल जातीच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात. खनिज तेल लागलं की ते फुगतात: हायड्रॉलिक ऑइल, इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, ग्रीस, काहीही. आधी पेडल जड होतं, मग ब्रेक सुटायचा थांबतो. फुगलेला सील धुऊन बरा होत नाही. मास्टर सिलिंडरचा किट, कॅलिपरचे सील, पाइप, टाकीच्या झाकणाखालचं रबर, सगळं बदलावं लागतं आणि लाइन धुवावी लागते. गावात ज्यांनी घातलंय त्यांना आजच सांगा, ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॉल्यांच्या रांगा असतात, तिथं चाक धरलं तर काय होईल.

याच कारणानं पार्ट धुवायला पेट्रोल वापरू नका. ब्रेक क्लीनर नाहीतर नवीन ब्रेक ऑइलनंच पुसा. कॅलिपर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, साधं पिवळं ग्रीस नाही.

आणि टाकी ‘कमी झाली’ तर नुसती भरून पुढं जाऊ नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढी टाकीतली पातळी उतरते, हे नैसर्गिक आहे. पॅड नवे घातले की तेच ऑइल परत वर येतं. मधे कुणी काठोकाठ भरलेलं असेल तर ते बाहेर सांडतं. पॅड चांगले असून पातळी उतरली तर गळती शोधायची.

कणकुंबी_पाऊस

मला ऑइल बदलण्याबद्दल बोलायचं आहे, कारण आमच्या बाजूला हवा काढण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे आणि त्याकडं कुणी बघत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. झाकणाच्या कडेनं, रबरी पाइपाच्या भिंतीतून, हळूहळू. मलप्रभा उगवते त्या आमच्या गावात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. ऑइल कोरडं राहील कसं? आता आकडे बघा. डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की मानकानुसार ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली चालते. डॉट ३ ची तीच जोडी २०५ आणि १४०. म्हणजे ओल धरलेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही खाली.

चोर्ला उतरताना किंवा आंबोलीहून सावंतवाडीकडं उतरताना बरेच जण गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून मागच्या ब्रेकवर पाय टेकवूनच जातात. मागची डिस्क लहान असते, चिखलात माखलेली असते, तिला वारा कमी लागतो. कॅलिपरमधलं ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल एकदम खाली. खाली पोचून गाडी थंड झाली की पेडल परत ठीक, म्हणून माणसाला वाटतं काही झालंच नव्हतं. जांबोटी दादांचा त्रास थंड गाडीलाही आहे, म्हणजे ती हवा. पण ज्यांचं पेडल सकाळी कडक आणि घाटाच्या शेवटी मऊ होतं, त्यांनी हवा शोधत बसू नये, सगळं ऑइल बदलावं.

बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात. आमच्या पावसाच्या पट्ट्यात मी दरवर्षी दिवाळीच्या आसपास बदलायला सांगतो. मागच्या लाइनला ऑइल लागतं किती थोडं, खर्च नावापुरता आहे. आणि घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये या, इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक दाबून सोडा, टेकवून ठेवू नका.

हल्याळ_वाट

कणकुंबी काका, मग डॉट ५ घातलं तर? आकडा मोठा आहे.

कणकुंबी_पाऊस

नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ मध्ये मिसळत नाही आणि तुमच्या गाडीसाठी नाही. डॉट ५.१ वेगळं: ते ग्लायकॉलचंच, डॉट ४ च्या घराण्यातलं, उकळण्याची मर्यादा किमान २६० आणि ओलं असताना १८०. नावं जवळची आहेत म्हणून दुकानात बाटली हातात घेऊन वाचा. टाकीच्या झाकणावर जे कोरलेलं असतं ते पाळलंत तरी पुरे. ताजं डॉट ४ आपल्या घाटांना भरपूर आहे.

कॅम्प_एरिया

एबीएसवाल्यांनी घरी करावं का? माझी गाडी २०२१ ची, दोन्ही चाकांना एबीएस.

उद्यमबाग_फिटर

१२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच जणांचा आहे. आधी बघा एबीएस एका चाकाला आहे की दोन. फक्त पुढच्या चाकाला असेल तर मागची लाइन साधीच, वर लिहिलेलं सगळं लागू.

दोन्ही चाकांना असेल तर मागची लाइन मॉड्युलेटरमधून (एबीएसचा ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा भाग) जाते. नुसतं ऑइल बदलायचं असेल आणि टाकी एकदाही रिकामी होऊ दिली नाही, तर नेहमीच्या पद्धतीनं घरी करता येतं. मॉड्युलेटरच्या आतल्या बंद खोबणींत थोडं जुनं ऑइल राहतं, ते चालतं. पण पाइप सोडला असेल किंवा टाकी कोरडी पडून हवा मॉड्युलेटरमध्ये शिरली असेल, तर त्याचा पंप स्कॅनरनं चालवून हवा काढावी लागते. तिथं सर्व्हिस सेंटरला द्या. आणि मॉड्युलेटर असलेल्या लाइनमध्ये जुनं काळं ऑइल सिरिंजनं उलटं वर ढकलू नका, कचरा व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. आधी वरून खाली स्वच्छ ऑइल येऊ द्या.

जांबोटी_रस्ता

कळवतो. फिटर दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. कॅलिपर काढून निपल वर धरलं, मध्ये बाभळीची पट्टी घातली. सिरिंज दाबायला लागल्यावर टाकीत आधी काहीच दिसेना, मग एकामागून एक मोठे बुडबुडे वर आले. माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त हवा होती. भाऊ टाकीवर टॉर्च धरून होता, त्यानंच ओरडून सांगितलं. कॅलिपरला ठोके दिल्यावर अजून बारीक फेस आला. बँजो बोल्टलाही थोडी निघाली.

कॅलिपर जागेवर बसवून बोल्ट आवळले, पेडल मारून पॅड डिस्कला टेकवले. आता पहिल्याच दाबाला पेडल कडक आणि तिथंच थांबतं. पाच मिनिटं थांबून दाबलं तरी तसंच. हातानं चाक फिरवलं, मोकळं फिरतं. मनापासून आभार.

उद्यमबाग_फिटर

छान झालं. घाटात जायच्या आधी एवढं करा: पेडल जोरात दाबून मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली बुडत गेलं आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचा कप आतून ऑइल सोडतोय, हवा नाही. नाही बुडालं तर गल्लीत हळू वेगात ब्रेक लावून बघा, मग मोकळ्या रस्त्यावर. डिस्कवर ऑइल उडालं असेल तर ब्रेक क्लीनरनं पुसून घ्या. पॅडला ऑइल लागलं असेल तर पॅड बदला, घासून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी निपल आणि दोन्ही बँजोंना पुन्हा कोरडा कागद लावून बघा.

खानापूर_माती

माझं निपलच सुटत नाही. आमच्या लाल मातीत चिखल वाळून दगड झालाय आणि निपलचे कोन गोल व्हायला लागलेत. जास्त जोर लावायची भीती वाटते.

उद्यमबाग_फिटर

भीती बरोबर आहे. निपल पोकळ असतं, पटकन तुटतं. ओपन पाना बाजूला ठेवा, सहा कोनी सॉकेट घ्या. आधी तारेच्या ब्रशनं माती काढा, निपलच्या भोकातली माती सुईनं काढा. गंज सोडवणारं स्प्रे ऑइल फक्त बुडाशी थेंबभर सोडा, पॅड आणि डिस्क प्लास्टिकनं झाकून. एक रात्र जाऊ द्या. मग सॉकेट लावून हातोडीचे लहान ठोके सरळ वरून द्या. सोडण्याआधी अगदी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडा. कटकन हललं की झालं. गॅसची ज्योत लावायची नाही, आत रबराचे सील आहेत.

तुटलंच तर कॅलिपर काढून बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही चांगल्या मशीन शॉपला न्या. तुटलेला तुकडा काढून आटे नीट करून देतात, आख्खा कॅलिपर टाकायची गरज पडत नाही. घरी ड्रिल मारू नका. निपलची खरी बंद होण्याची जागा त्याचं निमुळतं टोक आहे, आटे नाहीत. ड्रिलनं ती बैठक खरवडली तर कितीही आवळलं तरी गळणार.

आवळतानाही हेच लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांना निपलचा टॉर्क ५ ते ८ न्यूटन-मीटर एवढाच असतो. पान्याचं टोक धरून लटकायचं नाही, मधोमध दोन बोटांनी धरून आवळा. आणि वरची रबरी टोपी हरवली असेल तर नवीन बसवा. तिच्याशिवाय आपल्या मातीत निपल एका पावसाळ्यात पुन्हा जाम होतं.

वडगावची

व्हॅक्यूम पंपानं ओढणाऱ्यांसाठी यावरून आठवलं. निपल सोडल्यावर आट्यांच्या कडेनं बाहेरची हवा नळीत ओढली जाते आणि बुडबुडे संपतच नाहीत. लाइनमध्ये हवा नसते, तरी माणूस बाटल्याच्या बाटल्या संपवतो. आट्यांना, टोक सोडून, सिलिकॉन ग्रीस नाहीतर टेफ्लॉन टेप लावली की थांबतं.

हुक्केरी_ऊस

माझ्या स्प्लेंडरला मागं ड्रम आहे, तिचं पण पेडल खाली जातंय. तिची हवा कुठून काढायची?

निपाणी_हायवे

तिला हवा नसते हो, दादा. मागं रॉड आहे. रॉडच्या टोकाचा नट आवळून पेडलची ढिलाई कमी करा, चाक मोकळं फिरतंय का बघा. ब्रेक आर्मवरची खूण शेवटच्या रेघेला आली असेल तर लायनर संपले, ते बदला.

जांबोटी_रस्ता

शेवटचं विचारतो. बाटलीत निम्म्याहून जास्त ऑइल उरलंय, आणि काढलेलं जुनं वेगळ्या बाटलीत आहे. काय करू?

कणकुंबी_पाऊस

सील फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी आतल्या मोकळ्या जागेतली ओल ते धरतं. त्यापेक्षा याच आठवड्यात पुढच्या ब्रेकचं ऑइलही बदलून टाका, बाटली सत्कारणी लागेल. पुढच्या वेळी १०० मिलिलिटरची लहान बाटली आणा.

जुनं ऑइल गटारात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, आणि जळक्या इंजिन ऑइलच्या डब्यातही मिसळू नका. विषारी आहे. बाटलीवर ठळक अक्षरात ‘ब्रेक ऑइल, जुनं’ असं लिहा, मुलांचा आणि कुत्र्यांचा हात-तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला वेगळं म्हणून द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर मुळीच भरू नका.